महानायकांची वतने खालसा!

"परीक्षा तोंडावर आली आणि तू चित्रे बघत बसली आहेस?"

आमच्या एका सरांनी वाचनालयात मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्यापुढे अभ्यासक्रमातली कादंबरी उघडी होती आणि कादंबरीच्या पोटात बॅटमॅन होता. चोरी मुद्देमालासह पकडली गेली. सर रागावले मात्र नाहीत. त्यांनी ते पातळ पुस्तक हातात घेतले, चार पाने चाळली आणि हसून म्हणाले, "एक कोट्यधीश माणूस रात्री वटवाघळाचा वेष करून भुरट्या चोरांना बडवतो. यात साहित्य कुठे आहे, ते मला सांग."

मला तेव्हा काही सुचले नाही. पुस्तक परत घेतले आणि खाली मान घालून बसून राहिले. घरी जाताना बसमध्ये उत्तर सुचले, आणि तेही किती सोपे! "सर, हा बॅटमॅन कोट्यधीश नाहीच. तो एका शाळामास्तरचा मुलगा आहे." नेमके उत्तर नेहमी बसमध्येच सुचते. हा लेख म्हणजे त्या दिवशी राहून गेलेले उत्तर आहे. सर हा अंक वाचतात हे मला ठाऊक आहे.

२०२४ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी आपल्या जुन्या महानायकांच्या कथा अगदी पहिल्या अंकापासून नव्याने लिहायला घेतल्या. मार्व्हलने जानेवारीत 'अल्टिमेट स्पायडरमॅन' काढला. डीसीने ऑक्टोबरात 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' आणि 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन' काढले, तर नोव्हेंबरात 'अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन'. जुन्या मालिका बंद झाल्या नाहीत. त्यांच्या शेजारी, वेगळ्या जगात, या नव्या कथा घडतात. या चार मालिकांविषयी मला जे वाटते ते मी इथे मांडणार आहे. मी समीक्षक नाही, नुसती भक्त आहे. पण भक्तालाही देवाशी भांडायचा हक्क असतो, हे आपल्या संतांनीच आपल्याला शिकवले आहे.

सुरुवात जरा दुरून करते. आमच्या घरी माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत बाबांनी जपून ठेवलेले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या त्या अंकांनी एका अख्ख्या पिढीला वेताळाचे वेड लावले होते. आपल्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी कवटीची अंगठी असावी म्हणून लहानपणी हट्ट केला असेल. आज ते कबूल करणार नाहीत, ही गोष्ट निराळी. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेल्या या वेताळाच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नव्हती. त्याच्याजवळ होते ते घराणे. बाप गेला की मुलगा तोच वेष चढवी, तीच शपथ घेई, आणि जंगलातल्या लोकांना वाटे की हा चारशे वर्षे जिवंत आहे. म्हणजे वेताळाचे अमरत्व हे चक्क एक वतन होते. एकविसाव्या पिढीपर्यंत ते अखंड चालत आले होते.

ते अंक पुन्हा वाचताना माझ्या ध्यानात आले की एकटा वेताळच काय, झाडून सारे महानायक वतनदार आहेत. बॅटमॅनला बापाची इस्टेट मिळाली. वाडा, मोटारी, कारखाने आणि चहा आणून देणारा बटलर, हे सगळे त्यात आले. सुपरमॅनला त्याच्या ग्रहाच्या रक्ताचे बळ मिळाले. वंडर वुमन तर राजकन्याच. राणी आई, भगिनींचे बेट आणि देवांचे आशीर्वाद तिला पाळण्यातच लाभले. आपण त्यांच्या शौर्याला टाळ्या देतो. पण त्या टाळ्या कर्तृत्वाला किती आणि वारशाला किती, हा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

नव्या मालिकांचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी ही वतने खालसा केली. महानायकाच्या हाताशी जन्मतः जे होते ते काढून घेतले आणि विचारले, "आता काय करशील?" मला वाटते, हा प्रश्न साहित्याचाच आहे.

अर्थात "नव्याने सुरुवात" हे शब्द ऐकले की जुना वाचक आधी खिसा सांभाळतो. १९८५-८६ मध्ये डीसीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेत आपली सारी जगे मोडून एक केली, आणि १९८६ साली जॉन बर्नने सुपरमॅनची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली. २००० साली मार्व्हलने स्पायडरमॅनला पुन्हा शाळकरी केले. २०११ साली डीसीने एकदम बावन्न मालिका पहिल्या अंकापासून चालू केल्या. पहिला अंक जास्त खपतो, हे त्यामागचे उघड गुपित. बहुतेक वेळा घर तेच असते, भिंतींना रंग तेवढा नवा लागतो. म्हणून या खेपेलाही मी संशयानेच पहिले पान उघडले. माझा संशय कुठे फिटला आणि कुठे उरला, ते आता सांगते.

प्रथम बॅटमॅन. १९३९ च्या मे महिन्यात 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात तो पहिल्यांदा आला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याची जन्मकथा आली. श्रीमंत आईबाप रस्त्यावर मारले जातात आणि पोरका मुलगा गुन्हेगारांविरुद्ध शपथ घेतो. स्कॉट स्नायडरने लिहिलेल्या आणि निक ड्रगोटाने चित्रित केलेल्या नव्या मालिकेत बाप डॉक्टर नाही, उद्योगपती नाही. टॉमस वेन हा साधा शिक्षक आहे. वर्गाची सहल घेऊन तो प्राणिसंग्रहालयात गेला असताना एक माणूस गोळीबार करतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांना वाचवताना टॉमस मरतो. त्या मुलांत त्याचा स्वतःचा मुलगाही असतो.

या एका बदलाने केवढी उलथापालथ झाली आहे! जुना ब्रूस सूडातून घडला. या ब्रूसला घडवले ते एका मास्तरच्या शेवटच्या तासाने. आपल्या पोराइतकीच परक्यांची पोरेही आपली, हे त्याने बापाच्या कृतीतून पाहिले. त्याची आई इथे जिवंत आहे. तो चोविशीतला अभियंता आहे आणि शहराकडे तो मालकाच्या नजरेने न पाहता ते बांधणाऱ्याच्या नजरेने पाहतो. जुन्या कथांमधले त्याचे वैरी, म्हणजे पेंग्विन, रिडलर, टू-फेस, किलर क्रॉक, हे इथे त्याचे बालमित्र आहेत. एकाच वस्तीत वाढलेली पोरे, पत्ते खेळणारी, एकमेकांची उणीदुणी काढणारी. आल्फ्रेड हा बटलर नसून त्याच्यावर पाळत ठेवायला आलेला ब्रिटिश गुप्तहेर आहे. मग ती सगळी श्रीमंती गेली कुठे? ती गेली जोकरकडे. जगातली सारी सुखे ज्याच्या पायाशी आहेत तो जोकर, आणि तो कधी हसत नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनापासून दाद देते.

पण इथेच माझे भांडणही आहे. स्नायडरने बॅटमॅनचा पैसा काढून घेतला आणि त्याची भरपाई दंडांत केली. ड्रगोटाने काढलेला हा बॅटमॅन म्हणजे चालती भिंत आहे. छातीवरचे वटवाघूळ उपटून तो त्याची कुऱ्हाड करतो आणि ती कुऱ्हाड बेताने चालत नाही. चित्रे देखणी आहेत, वेगवान आहेत, आणि वाचताना माझेही रक्त तापले, ते मी नाकारत नाही. तरी पुस्तक मिटल्यावर वाटले, गरिबाच्या हाती लेखकाला कुऱ्हाडच का दिसावी? श्रीमंत बॅटमॅन यंत्रांच्या बळावर लढे आणि गरीब बॅटमॅन अंगाच्या बळावर लढतो, एवढाच फरक असेल तर वतन खालसा झाले कसे म्हणायचे? नोटांऐवजी स्नायू मोजायचे, इतकेच. या ब्रूसची खरी कमाई म्हणजे ते पत्ते खेळणारे मित्र. लेखकालाही हे ठाऊक असावे, कारण २०२५ च्या अंकांत बेन नावाचा शत्रू त्या मित्रांनाच लक्ष्य करतो, आणि ब्रूसला होणाऱ्या वेदनांपेक्षा मित्रांची ती दैना वाचणे मला जड गेले. मालिकेचा प्राण तिथे आहे. कुऱ्हाड नसती तरी माझे काही अडले नसते.

सुपरमॅनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जेसन अ‍ॅरनने लिहिलेल्या आणि राफा सँडोव्हालने चित्रित केलेल्या या कथेत क्रिप्टॉन ग्रहावर माणसांची वर्गवारी आहे आणि एल कुटुंब कष्टकऱ्यांच्या वर्गातले आहे. छातीवरचे ते जगप्रसिद्ध चिन्ह घराण्याची निशाणी राहिलेले नाही. ते श्रमिकांचे चिन्ह झाले आहे. काल-एल पृथ्वीवर तान्हेपणी येत नाही. कळत्या वयात, आईबापांच्या आणि बुडालेल्या जगाच्या आठवणी घेऊन येतो. पहिल्या अंकात तो आपल्याला भेटतो तो वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्हे, ब्राझीलमधल्या हिऱ्यांच्या खाणीत, मजुरांच्या रांगेत.

हे वाचून पुष्कळ जुने वाचक चवताळले. "सुपरमॅनला डावा केला," अशी ओरड झाली. त्यांना मी एवढेच विचारीन की तुम्ही सुपरमॅनचे सुरुवातीचे अंक वाचले आहेत काय? जून १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला आणि तिसऱ्याच अंकात तो खाणीत उतरला. एका खाणीत दरड कोसळून एक मजूर सापडला आहे, सुरक्षिततेची साधने निकामी आहेत आणि मालकाला त्याचे सोयरसुतक नाही. सुपरमॅन मजुराचा वेष घेतो. मालक आपल्या श्रीमंत पाहुण्यांना घेऊन मौज म्हणून खाणीत उतरतो, तेव्हा सुपरमॅन बाहेर पडण्याची वाट बंद करून टाकतो. मेजवानीच्या कपड्यांतली ती मंडळी हातात फावडी घेतात, घामाघूम होतात, आणि मालकाला उमगते की आपण माणसांना कशात ढकलत होतो. ही कथा मंदीने पोळलेल्या अमेरिकेत, जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी लिहिली. म्हणजे २०२४ चा सुपरमॅन खाणीत उतरला तो काही भलतीकडे गेला नाही. तो माहेरी परत आला.

आणि तरीही दोन खाणींत एक मोठा फरक आहे. १९३८ च्या मालकाला नाव होते, चेहरा होता. त्याची मानगूट पकडता येत होती. २०२४ च्या खाणीवर लॅझारस नावाची कंपनी आहे. सुरुवातीच्या अंकांत समोर येतात ते तिचे गणवेशातले पहारेकरी. मालक म्हणून कोणी दिसतच नाही. ज्याला फावडे हाती द्यायचे तो माणूसच सापडत नाही! मुठी उगारून सुपरमॅन उभा आहे आणि मारायचे कोणाला, हेच त्याला कळत नाही. या मालिकेतले सर्वांत आजचे असे काही असेल तर ते हे. दुर्दैवाने अ‍ॅरन या अडचणीपाशी फार वेळ थांबत नाही. लढाया लवकर सुरू होतात, यंत्रे फुटतात, आणि ज्या मजुरांसाठी हे सारे चालले आहे त्यांची नावेही आपल्याला नीट लक्षात राहत नाहीत. मजुराला घामासकट रंगवायचे आणि त्याला बोलू द्यायचे नाही, ही चूक आपल्याकडच्या पुष्कळ पुरोगामी कथांतही असते. तेव्हा अ‍ॅरनला एकट्याला काय बोल लावायचा?

माझ्या मते चौघांत पहिला नंबर वंडर वुमनचा. मी मुलगी आहे म्हणून असे म्हणते, असा आरोप आमच्या वर्गातल्या काही वीरांनी आधीच केला आहे. आरोप अर्धा मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी कारणे देते.

१९४१ च्या अखेरीस विल्यम मार्स्टन आणि चित्रकार एच. जी. पीटर यांनी जिला जन्म दिला, ती डायना स्त्रियांच्या सुखी बेटावर वाढली. केली थॉम्पसनने तिच्याकडून ते बेट घेतले, आई घेतली, बहिणी घेतल्या. इतकेच नव्हे, 'अ‍ॅमेझॉन' हे तिच्या कुळाचे नावही उच्चारायला बंदी केली. अपोलो देव एक तान्ही मुलगी नरकात आणून सर्सी नावाच्या चेटकिणीच्या पदरात टाकतो. सर्सी स्वतः शिक्षा भोगते आहे. तिला मूल नको आहे. पुढे मात्र ती त्या मुलीची आई होते.

खरे तर लेखिकेने इथे सूडकथा लिहायला हवी होती. नरकात वाढलेली मुलगी, हातात पुरुषभर उंचीची तलवार, बसायला हाडांचा सापळा झालेला पंखांचा घोडा! साहित्य सगळे सूडाचे जमवले आहे. पण डायना मोठी होते ती विलक्षण मायाळू. राक्षसालाही ती आधी नीट पाहते, मग ठरवते. नरकात अडकलेल्या स्टीव्ह ट्रेव्हर नावाच्या परक्या माणसाला पृथ्वीवर परत पाठवायचे, तर किंमत मोजावी लागणार, आणि डायना ती आपला हात देऊन मोजते. पहिल्या अंकांतल्या कोणत्याही लढाईपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. बॅटमॅनने काही गमावले की त्याच्या हातात शस्त्र येते. डायनाने गमावले आणि तो हातच देऊन टाकला. वारशात काहीच न मिळालेल्या माणसाने स्वतःहून दिलेले दान, यालाच मी शौर्य म्हणेन.

हेडन शर्मनची चित्रेही या मजकुराला साजेशी आहेत. चौकटींची मांडणी प्रसंगाप्रमाणे बदलते आणि काही पाने तर एखादे यंत्र किंवा मंतरलेली आकृती वाटावीत अशी आहेत. जॉर्डी बेलेअरचे रंग नरकालाही घराची ऊब देतात. आपण मुलीला "घरंदाज" म्हणतो तेव्हा घराण्याला मान देतो, तिला नाही. ही डायना बेघर, बेकूळ, आणि तरी खानदानी आहे. आमच्या वर्गातल्या वीरांनी हे जरूर वाचावे.

चौथा स्पायडरमॅन. याची गोष्ट उलटी आहे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी आणलेला पीटर पार्कर पोरगेलासा विद्यार्थी होता. कोळी चावतो तो अपघाताने, आणि काका मरतो तो पीटरच्या बेफिकिरीमुळे. तेव्हापासून तो महानायक आहे तो अपराधाच्या ओझ्याने. जोनाथन हिकमनने लिहिलेल्या आणि मार्को केकेत्तोने चित्रित केलेल्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये तो अपघात घडू दिला गेलेला नाही. पीटर पस्तिशीतला, दाढी राखलेला, दोन मुलांचा बाप आहे. बायको मेरी जेन आहे. बेनकाका जिवंत आहे, मेकाकू मात्र गेली आहे. सगळे ठीकठाक आहे, आणि तरी त्याला सतत वाटते की आपल्या आयुष्यातले काहीतरी राहून गेले. मग एक दिवस तो कोळी त्याच्यापर्यंत पोचवला जातो आणि निवड त्याच्यावर सोपवली जाते. हवे तर घे, नको तर सोड.

या मालिकेत हाणामारी कमी आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा जास्त आहेत. बेनकाका आणि जेमसन हे दोन म्हातारे नोकरी सोडून स्वतःचे वर्तमानपत्र काढायला निघतात, ते प्रसंग तर मी तीनतीनदा वाचले. अंकागणिक कथेत महिना उलटतो. मुले वाढतात, ऋतू बदलतात. पस्तिशीत पुन्हा तारुण्य मागणारा हा पीटर मला सुरुवातीला हास्यास्पद वाटला. नंतर घरातल्याच काही मोठ्या माणसांचे चेहरे आठवले. एखाद्याने गाणे सोडलेले असते, एखाद्याने नाटक. त्यांच्यापुढे कोणी तो डबा आणून ठेवत नाही. पीटरने शक्ती घेतली ती पापक्षालनासाठी नव्हे, वारसा म्हणूनही नव्हे. ती त्याने समजून उमजून पत्करली. महानायकांच्या कथेत हे खरोखरच नवे आहे. उणीव इतकीच की हिकमनला पोटाची चिंता नाही. पीटरचे घर चालते कसे, कर्ज फिटते कसे, हे प्रश्न त्या जेवणाच्या टेबलावर फारसे येत नाहीत. मध्यमवर्गीय बाप रात्रभर बाहेर राहिला तर सकाळी घरात काय होते, हे त्याने आमच्या चाळीत येऊन पाहावे!

चाळीवरून आठवले. स्पायडरमॅन एकदा आपल्या मुंबईतही येऊन गेला आहे. २००४ साली 'स्पायडरमॅन: इंडिया' ही चार अंकांची मालिका निघाली. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि चित्रकार जीवन कांग यांनी ती घडवली. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची झाली मीरा जैन, बेनकाकाचा झाला भीमकाका. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेल्या पवित्रला एक योगी शक्ती देतो आणि तो धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारू लागतो. लहानपणी ते पाहून मला भारी अभिमान वाटला होता. आज वाटते, नाव बदलले, वस्त्र बदलले, पण दुःख जुनेच ठेवले. खेड्यातून मुंबईत आलेल्या मुलाचे स्वतःचे असे एक दुःख असते. खोली मिळत नाही, भाषेला हसतात, लोकलमध्ये जीव गुदमरतो. ते दुःख कथेच्या मुळाशी गेलेच नाही. बापाला शिक्षक करून स्नायडरने जे एका फटक्यात साधले, ते धोतर नेसवून साधले नाही. कथा नवी होते ती पोषाखाने नव्हे, जखम बदलल्याने.

आता उरलेला संशय सांगते. पात्रांची वतने खालसा झाली, पण त्या पात्रांवर ज्यांचे वतन आहे त्यांचे काय? सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे कंपनीने त्यावर अमाप पैसा मिळवला आणि हे दोघे उपेक्षेत राहिले. १९७५ साली, बराच बोभाटा झाल्यानंतर, त्यांना वर्षासन आणि श्रेय मिळाले. बॅटमॅनच्या निर्मितीत ज्याचा मोठा वाटा होता त्या बिल फिंगरचे नाव बॉब केनच्या नावाशेजारी अधिकृतपणे छापले गेले ते २०१५ साली, तो वारल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी! श्रमिकांचे चिन्ह छातीवर मिरवणारा सुपरमॅन ज्या श्रमिकांनी घडवला त्यांच्या पदरात काय पडले, हे माहीत असताना 'अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन' वाचणे जरा अवघड जाते. १९३८ साली दहा सेंटला मिळणारी ही करमणूक २०२४ साली सुमारे पाच डॉलरला गेली. एकाच अंकाची चारपाच निरनिराळी मुखपृष्ठे काढून तीच गोष्ट एकाच वाचकाला पुन्हा पुन्हा विकायची, ही युक्तीही आहेच. गरीब बॅटमॅनचा पहिला अंक इतका खपला की तो पुन्हा पुन्हा छापावा लागला. गरिबीलाही बाजारात भाव येतो तो असा.

म्हणून या मालिका खोट्या ठरतात काय? मला तसे वाटत नाही. कीर्तनाला बिदागी घेणारा बुवा खोटेच सांगतो असे आपण धरून चालत नाही. तो काय सांगतो आणि ऐकून उठल्यावर आपल्या मनात काय उरते, ते आपण पाहतो. अमेरिकी कायद्याप्रमाणे १९३८ च्या सुपरमॅनवरचा हक्क २०३३ अखेर संपेल आणि २०३४ च्या पहिल्या दिवसापासून तो मूळ सुपरमॅन तिथे सर्वांचा होईल. पुढच्या वर्षी पहिला बॅटमॅनही त्याच वाटेने जाईल. तेव्हा खरे वतन खालसा होईल. खाणमालकाच्या हाती फावडे देणारा तो पहिला सुपरमॅन कोणाच्याही लेखणीतून बोलू शकेल. त्या दिवशी त्याला काय बोलायला लावायचे, याची तयारी मात्र आतापासून हवी.

तर सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. साहित्य त्या वेषात नाही आणि त्या बडवण्यातही नाही. मुलांना आडोशाला ढकलून स्वतः मागे राहिलेल्या त्या शिक्षकात ते आहे. हात देऊन परक्याला सोडवणाऱ्या डायनात आहे. कुऱ्हाडीविषयी तुमचे आणि माझे मत एकच आहे, हे मी वर लिहिलेच आहे. बाकीच्याविषयी वाद घालायला मी तयार आहे. पुस्तक माझ्या दप्तरात असतेच. या खेपेला मात्र ते कादंबरीच्या पोटात लपवणार नाही, वर ठेवीन.